लॉब वेज निवडताना मी काय पाहते

गोल्फमध्ये ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेपासून तीस-चाळीस यार्डांच्या आत चेंडू उंच उचलून अलगद टेकवणारा एक वेज, म्हणजे तिरप्या तोंडाचा आखूड क्लब, आपल्याजवळ असावा, असे शॉर्ट गेममध्ये (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांमध्ये) रस घेणाऱ्या प्रत्येकालाच कधी ना कधी वाटते. मला तसे वाटल्यापासून योग्य वेज बॅगेत येईपर्यंत चार वर्षे गेली. या काळात मी तीन लॉब वेज वापरले. पहिल्याचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा (फेसचा) तिरपेपणा, ६० अंशांचा होता आणि त्याचा बाउन्स, म्हणजे तळाचा कोन, जेमतेम ४ अंश होता. दुसरा ६० अंशांचाच, पण ८ अंश बाउन्सचा होता. सध्या जो माझ्याजवळ आहे तो ५८ अंशांचा आणि १२ अंश बाउन्सचा आहे. हे तिन्ही वेज उत्तम प्रतीचे होते आणि दोष एकाच्याही घडणीत नव्हता. पहिले दोन निवडताना मी लॉफ्टचा आकडा आधी ठरवला आणि तळाचा विचार उरलेल्या वेळात केला. तिसऱ्याच्या वेळी हा क्रम उलटा केला. वेजचा लॉफ्ट चेंडू किती उंच जाईल हे सांगतो हे खरे, परंतु तो चेंडूपर्यंत नीट पोहोचेल की नाही हे त्याचा तळच ठरवतो, आणि हौशी खेळाडूचे बहुतेक नुकसान चेंडूपर्यंत पोहोचण्यातच होते, असे माझे आता ठाम मत आहे.

पहिला वेज मी का घेतला, हे सांगणे आवश्यक आहे, कारण तीच समजूत इतर अनेकांच्या मनातही असते. बाउन्स जास्त असला की वेज जमिनीवर आपटून उसळतो, त्याची पुढची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे सरळ निघून जातो, असे मी ऐकले होते. तेव्हा बाउन्स जितका कमी तितका धोका कमी, असा मी सरळ हिशेब केला. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. चिप, म्हणजे ग्रीनजवळून छोटा फटका, मारताना माझे हात चेंडूच्या बरेच पुढे असतात आणि क्लब थोडा उभ्या वाटेने खाली येतो. अशा स्विंगला ४ अंशांच्या अरुंद तळाने कोणताच आधार दिला नाही. चेंडूच्या मागे अर्धा इंच जरी क्लब टेकला तरी पुढची कड मातीत रुतायची आणि चेंडू जेमतेम दोन-चार पावले पुढे सरकायचा. असे दोन-तीनदा झाले की मनात धास्ती बसते, हात आपोआप वर उचलले जातात आणि मग ज्या सरळ निघून जाणाऱ्या फटक्याच्या भीतीने कमी बाउन्स घेतला होता, नेमका तोच फटका बसू लागतो. एका हंगामात माझा चिपिंगवरचा विश्वास जितका ढासळला तितका त्याआधी कधी ढासळला नव्हता.

बाउन्स म्हणजे काय, हे समजून घेतल्यावर हा सारा प्रकार उलगडला. शाफ्ट (क्लबचा दांडा) उभा धरून वेज सपाट जमिनीवर ठेवला, तर त्याची पुढची कड जमिनीला टेकत नाही; तळाचा मागचा भाग त्याहून खाली असतो. पुढच्या कडेपासून तळाच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी जो कोन करते, तो बाउन्स. साधारणपणे ४ ते ६ अंशांना कमी, ७ ते १० अंशांना मध्यम आणि त्यापुढच्या आकड्यांना जास्त बाउन्स म्हणतात. नांगराचा फाळ आणि होडीचा तळ यांत जो फरक, तोच कमी आणि जास्त बाउन्सच्या वेजमध्ये असतो. एक जमिनीत शिरायला बघतो, दुसरा तिच्यावरून सरकायला बघतो. मात्र क्लबवर कोरलेला हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. तळ किती रुंद आहे आणि पुढून मागे त्याला किती गोलाई दिली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. रुंद तळाचा ८ अंशांचा वेज मऊ जमिनीवर अरुंद तळाच्या १० अंशांच्या वेजपेक्षा अधिक तरंगू शकतो. दोन वेजवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यापेक्षा ते दोन्ही उलटे धरून त्यांचे तळ डोळ्यांनी पाहणे आणि बोटांनी चाचपून पाहणे अधिक उपयोगाचे आहे, असे मी म्हणते ते यामुळेच.

त्यातही आपण क्लब चेंडूवर कसा आणतो, यावर हा आकडा दर फटक्याला बदलतो. समजा, वेज ६० अंशांचा आणि १० अंश बाउन्सचा आहे, आणि आघाताच्या क्षणी शाफ्ट लक्ष्याच्या दिशेने ८ अंश झुकलेला आहे. तर त्या क्षणी चेंडूला मिळणारा लॉफ्ट ५२ अंश आणि जमिनीला भेटणारा बाउन्स अवघा २ अंश उरतो. हाच हिशेब माझ्या पहिल्या वेजला लावून पाहा. त्याच्या ४ अंशांतून ८ वजा केले की बाउन्स शून्याच्याही खाली जातो, म्हणजे पुढची कडच सर्वांत खाली येते आणि क्लबची कुदळ होते. जे खेळाडू हात फारसे पुढे न नेता, उथळ वाटेने, गवत नुसते झाडून नेल्यासारखे खेळतात, त्यांना हाच वेज अतिशय गोड वाटेल. मला ज्यांनी शॉर्ट गेम शिकवला त्यांनी एकदा माझ्या सँड वेजचा (वाळूतून खेळण्यासाठीच्या वेजचा) तळ उलटा करून दाखवला होता. पुढच्या कडेलगतचा चकाकीचा पट्टा पार झिजलेला होता आणि मागचा भाग जवळजवळ नव्यासारखा होता. आपण बाउन्सचा उपयोग करतो की करत नाही, हे जुन्या वेजच्या तळावर असे लिहिलेलेच असते. नवा वेज घेण्याआधी प्रत्येकाने ते वाचावे.

बाउन्सच्या बाजूने आणखी एक पुरावा इतिहासात आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. आधुनिक सँड वेजचे श्रेय अमेरिकन खेळाडू जीन सॅराझन यांना दिले जाते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या निब्लिकच्या (त्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) तळाला मागच्या बाजूने जास्तीचा धातू जोडला आणि तो पुढच्या कडेपेक्षा खाली येईल असा घासून घेतला. तोच क्लब घेऊन त्यांनी १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. विमान उड्डाण करताना त्याचा मागचा भाग कसा खाली येतो आणि नाक कसे वर उचलले जाते, यावरून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लॉफ्ट असलेले क्लब त्याआधीही होते. सॅराझन यांनी भर घातली ती तळात. वाळूत रुतणारा क्लब वाळूवरून सरकू लागला, तो त्या मागच्या भागामुळे. आज आपण वेजच्या डोक्यावरचा ५८ किंवा ६० हा ठळक आकडा आधी वाचतो आणि त्याच्या शेजारचा बाउन्सचा लहान आकडा नंतर. वेजच्या जन्माची कथा मात्र त्या लहान आकड्याची आहे.

तळाचा दुसरा भाग म्हणजे ग्राइंड. टाच (शाफ्टकडची बाजू), टोक (तिच्या विरुद्धची बाजू) आणि मागची कड यांवरचा धातू कुठे आणि किती घासून काढला आहे, त्याला ग्राइंड म्हणतात. त्याचा खरा उपयोग फेस उघडल्यावर कळतो. फेस उघडला की लॉफ्ट वाढतो, त्याबरोबर बाउन्सही वाढतो आणि पुढची कड जमिनीपासून वर उचलली जाते. मऊ गवतावर किंवा वाळूत ते चालते, पण गवत अगदी आखूड कापलेल्या, टणक जागेवर ही उंची घातक ठरू शकते. टाचेकडचा आणि मागचा धातू घासलेला असेल, तर फेस उघडूनही क्लब खाली बसतो. व्होकी या मालिकेच्या वेजमधील एम ग्राइंड याच गरजेसाठी आहे. त्याच मालिकेतील के ग्राइंडचा तळ रुंद असतो आणि तो वाळूत व मऊ जमिनीत मोठा आधार देतो. इतर कंपन्यांची अक्षरे वेगळी असतात, आणि एकीचे सी दुसरीच्या एसशी जुळवत बसण्यात अर्थ नाही. मी ग्राइंडचा विचार एकाच प्रश्नापुरता ठेवते: मी फेस खरोखर किती वेळा उघडते? प्रामाणिक उत्तर दिले तर माझ्या दहा फटक्यांपैकी सात-आठ फटके फेस सरळ किंवा किंचित उघडा ठेवून होतात. अशा खेळाडूने टाचेकडचा सगळा धातू काढून टाकलेला वेज घेतला, तर दोन फटक्यांच्या सोयीसाठी उरलेल्या आठ फटक्यांचा आधार गमावला जातो.

टणक जागेवर जास्त बाउन्स नकोच, हा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे. नियमांनुसार चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असत नाही, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून २१ मिलिमीटरहून थोडा अधिक उंचीवर असतो. सरळ फेस असलेल्या १२ अंश बाउन्सच्या वेजची पुढची कड जमिनीपासून काही मिलिमीटरच वर असते. तिला चेंडूच्या मध्याखाली शिरायला भरपूर जागा असते आणि हात थोडे पुढे असतील तर ती आणखी खाली येते. सरळ निघून जाणारा फटका बसतो तो बहुधा क्लब चेंडूच्या मागे जमिनीला आधी लागल्यामुळे किंवा भीतीने हात वर ओढल्यामुळे. अगदी उघड्या, दगडासारख्या जमिनीवर फेस पूर्ण उघडून फ्लॉप (अतिशय उंच, आखूड फटका) मारायचा असेल तर कमी बाउन्स हवा, हे मला मान्य आहे. परंतु तो फटका माझ्या वाट्याला वर्षातून दोन-तीनदा येतो, आणि तेव्हा मी जमिनीवरून धावणारी चिप निवडते.

आता लॉफ्टकडे वळते. लॉब वेज म्हणजे ६० अंश, असे समीकरण झाले आहे. प्रत्यक्षात ५८ पासून ६४ अंशांपर्यंतचे वेज मिळतात, आणि फिल मिकेलसन यांच्यासारख्या असामान्य हाताच्या खेळाडूने ६४ अंशांचाही वापर केला आहे. लॉफ्ट जितका अधिक, तितका फटका निसटता होतो. क्लबचा वेग चेंडूला पुढे नेण्याऐवजी वर नेण्यात खर्च होतो. वेगवान स्विंगच्या खेळाडूला हा फायदा वाटतो, कारण त्याला चाळीस यार्डांवर आखडता स्विंग घ्यावा लागत नाही. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या खेळाडूची अडचण उलट आहे. ६० अंशांच्या वेजने तीस यार्ड गाठायलाही मला बराच मोठा स्विंग घ्यावा लागे, आणि स्विंग मोठा झाला की चूकही मोठी होते. ५८ अंशांवर आल्यावर त्याच अंतरासाठी हात कमरेच्या थोडे वर नेले तरी पुरतात. दोन अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण मला तो पहिल्याच आठवड्यात जाणवला.

उंचीविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. ६० अंशांच्या वेजने मारलेला चेंडू ६० अंशांच्या कोनात निघत नाही. फेस कोरडा असेल आणि चेंडू स्वच्छ लागला असेल, तर घर्षणामुळे चेंडू फेसला धरून राहतो, लॉफ्टपेक्षा बऱ्याच खालच्या कोनात निघतो आणि त्याला भरपूर फिरकी मिळते. मधे ओले गवत आले की ही पकड सुटते. चेंडू फेसवरून वर घसरतो, अधिक उंच जातो, पण फिरकी कमी असल्यामुळे खाली पडल्यावर जास्त धावतो. म्हणून उंच उडालेला प्रत्येक फटका चांगला लागला असे समजू नये. ज्या फटक्यात चेंडू काहीसा खालून निघतो, दुसऱ्या टप्प्यावर थबकतो आणि मग संथपणे सरकतो, तो खरा चांगला लागलेला असतो. लॉफ्ट वाढवत नेला म्हणजे फिरकीही त्याच प्रमाणात वाढत जाते, असे नाही. एका मर्यादेनंतर चेंडू पकडला जाण्याऐवजी घसरू लागतो आणि फिरकी उलट घटते. उंच, पिंजलेल्या गवतात चेंडू वर तरंगत असेल तेव्हा तर जास्त लॉफ्टचा, कमी बाउन्सचा वेज चेंडूच्या खालून सरळ निघून जातो, फेसच्या अगदी वरच्या भागाला चेंडू चाटून जातो आणि तो जागच्या जागी पडतो. हा अनुभव माझ्या पहिल्या वेजने मला पुरेपूर दिला.

मग ६० अंशांचा वेज इतका रुजला कसा? १९८० च्या आसपास व्यावसायिक खेळाडू टॉम काइट यांनी डेव्ह पेल्झ यांच्या सल्ल्याने बॅगेत तिसरा, अधिक लॉफ्टचा वेज ठेवायला सुरुवात केली. पेल्झ हे आधी नासात संशोधक होते आणि शंभर यार्डांच्या आतल्या फटक्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. त्यापुढे हा क्लब व्यावसायिक खेळाडूंमध्ये पसरला. पेबल बीच येथे दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन यूएस ओपन मला या संदर्भात नेहमी आठवतात. १९८२ मध्ये टॉम वॉटसन यांनी सतराव्या होलवर ग्रीनलगतच्या दाट गवतातून सँड वेजने चेंडू थेट होलमध्ये घातला आणि जॅक निकलाउस यांच्यावर मात केली. १९९२ मध्ये, अंतिम फेरीच्या प्रचंड वाऱ्यात, काइट यांनी सातव्या होलवर ग्रीनच्या बाहेरून लॉब वेजने चेंडू होलमध्ये घातला आणि ते विजेते ठरले. दोन्ही फटके ग्रीनबाहेरच्या गवतातले, दोन्ही निर्णायक, आणि क्लब वेगवेगळे. हे आठवले की ६० अंशांचा वेज बॅगेत नसेल तर अमुक फटका खेळताच येणार नाही, असे मला वाटेनासे होते. काइट यांनी तो क्लब घेतला तो एका विशिष्ट अंतराची आणि फटक्याची उणीव ओळखून. आपलीही उणीव तीच आहे का, हे आधी तपासले पाहिजे.

ती उणीव बॅगेतल्या इतर क्लबांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. नियमांनुसार बॅगेत १४ क्लबच ठेवता येतात, त्यामुळे चौथा वेज घेतला की वरचा एखादा क्लब काढावा लागतो. पूर्वी पिचिंग वेज (सर्वांत कमी लॉफ्टचा वेज) ४८ अंशांच्या आसपास असे. आताच्या अनेक आयर्न (मधल्या पल्ल्याचे, धातूच्या डोक्याचे क्लब) संचांत तो ४३-४४ अंशांपर्यंत खाली आला आहे, आणि तरीही लोक त्याच्यापुढे थेट ५६ अंशांचा सँड वेज ठेवतात. मधली बारा अंशांची दरी तशीच राहते. माझा पिचिंग वेज ४४ अंशांचा आहे. मी त्यापुढे ४९, ५४ आणि ५८ असे वेज ठेवले. पूर्ण स्विंगने ते मला सुमारे ८८, ७५, ६३ आणि ५२ यार्ड देतात, म्हणजे दर दोन क्लबांमध्ये अकरा ते तेरा यार्डांचे अंतर राहते. ५६ नंतर ६४ अंशांवर उडी मारणाऱ्यांना ही समानता साधत नाही. सँड वेज ५६ चाच ठेवायचा असेल तर ६० योग्य बसतो; ५४ असेल तर ५८. लॉब वेजचा लॉफ्ट असा खालून वर मोजत येतो, स्वतंत्रपणे ठरत नाही. पूर्ण स्विंगचे हे अंतर मी फक्त मापासाठी सांगितले. लॉब वेजने पूर्ण स्विंग मी शक्यतो घेत नाही, कारण चेंडू फेसवर किंचित वर लागला तरी अंतर बरेच घटते. ५२ यार्डांवर ५४ अंशांचा वेज थोडा आखडून मारणे मला अधिक भरवशाचे वाटते.

वाळूविषयी थोडक्यात सांगते. मऊ, खोल, भुसभुशीत वाळू असेल तर रुंद तळ आणि जास्त बाउन्स हवा. वाळू ओली, पातळ किंवा दबलेली असेल तर कमी बाउन्सचा, पुढची कड धारदार असलेला वेज सहज आत शिरतो. माझ्या नित्याच्या मैदानावरची वाळू जाड आणि मऊ आहे, त्यामुळे १२ अंशांचा लॉब वेज तिथे छान चालतो. सँड वेज आणि लॉब वेज यांपैकी एकाचा बाउन्स जास्त आणि दुसऱ्याचा मध्यम ठेवला, तर परक्या मैदानावर गेल्यावरही हाताशी पर्याय राहतो. माझा ५४ अंशांचा वेज याच विचाराने ८ अंश बाउन्सचा आहे.

पारखण्याच्या पद्धतीकडे मी सर्वांत जास्त लक्ष देण्याची विनंती करीन. कृत्रिम गवताच्या चटईवर वेज कधीही निवडू नये. चटईवर क्लब चेंडूच्या मागे दोन इंच टेकला तरी तळ घसरत पुढे जातो आणि फटका चांगला लागल्याचा भास होतो. माझा पहिला वेज मी अशाच चटईवर पसंत केला होता. तिथे तो अप्रतिम वाटला आणि मातीवर आल्यावर दुसराच क्लब वाटू लागला. दुसऱ्या वेजच्या वेळी मी खऱ्या गवतावर गेले, पण एकाच चांगल्या जागेवरून वीस चेंडू मारले, आणि तेही पुरेसे ठरले नाही. तिसऱ्या वेळी मी जागा बदलत गेले. आखूड गवताच्या टणक जागेवरून, ग्रीनभोवतीच्या घोट्याला लागणाऱ्या गवतातून, किंचित चढावरून, उतारावरून आणि बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) प्रत्येकी काही चेंडू मारले. पुढच्या कडेला समांतर अशी शाईची रेघ तळाच्या मध्यावर ओढली आणि ती कुठे पुसली जाते हे पाहिले. रेघ पुसली जाऊन पुढची कड तुलनेने स्वच्छ राहिली, तर तळ आपले काम करतो आहे असे समजावे. फक्त पुढच्या कडेलाच माती चिकटली असेल तर क्लब रुततो आहे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मी माझे उत्तम फटके मोजले नाहीत. मी चुकलेले फटके मोजले. ८ अंशांच्या वेजने चेंडूच्या मागे लागलेला फटका निम्म्या अंतरावर थांबत होता; १२ अंशांच्या वेजने तसाच चुकलेला फटका ग्रीनवर पोहोचत होता, होलपासून थोडा दूर राहत होता इतकेच. निवड तिथेच झाली.

शाफ्टकडे मी पहिल्या दोन वेळा मुळीच पाहिले नव्हते. माझ्या आयर्नना हलके ग्रॅफाइटचे शाफ्ट आहेत आणि तयार मिळणाऱ्या वेजमध्ये १२० ग्रॅमच्या आसपासचा पोलादी शाफ्ट बसवलेला होता. वेज आयर्नपेक्षा थोडा जड असणे चांगलेच, कारण छोट्या स्विंगमध्ये क्लबचे डोके कुठे आहे हे हातांना जाणवते. पण हे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि थकल्यावर शेवटच्या चार-पाच होलवर माझी लय बिघडत असे. आता मी हलका पोलादी शाफ्ट घेतला आहे. लायचा, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो तो, कोनही तपासून घ्यावा, कारण लॉफ्ट जितका अधिक तितकी लायची चूक दिशेला अधिक महागात पडते. ६० अंशांच्या वेजची लाय २ अंश जास्त उभी असेल, तर फेस साधारण साडेतीन अंश बाजूला वळतो. तेवढीच चूक लांब आयर्नमध्ये जेमतेम जाणवते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तेव्हा लॉब वेजचा फटका इतका डावीकडे का जातो, त्याचेही कारण हेच आहे.

फेसवरच्या खाचांबद्दल बरेच बोलले जाते. २०१० पासून लागू झालेल्या नियमांनी २५ अंश किंवा त्याहून अधिक लॉफ्टच्या क्लबांच्या खाचांचे आकारमान आणि त्यांच्या कडांची धार यांवर मर्यादा घातली, त्यामुळे नामांकित कंपन्यांच्या नव्या वेजमध्ये या बाबतीत मोठा फरक उरलेला नाही. खाचा स्वच्छ आणि कोरड्या ठेवणे, आणि युरेथेनच्या मऊ आवरणाचा चेंडू वापरणे, याने माझ्या फटक्यांत जितका फरक पडला तितका एका कंपनीचा वेज सोडून दुसरीचा घेतल्याने पडला नाही. कठीण आयोनोमर आवरणाचा चेंडू वापरणाऱ्याने महागडा लॉब वेज घेण्याआधी चेंडू बदलून पाहावा. काही वेजच्या फेसवर टोकापर्यंत खाचा असतात. फेस खूप उघडून खेळणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो, कारण तेव्हा चेंडू टोकाकडे लागतो. मुलामा न दिलेले, गंजणारे वेज उन्हात चकाकत नाहीत आणि मला ते दिसायलाही आवडतात. खेळात मात्र त्यांच्यामुळे फरक पडल्याचे मला आढळले नाही, म्हणून माझा वेज साध्या क्रोम मुलाम्याचा आहे.

हा वेज येऊन आता दोन हंगाम झाले. सरावातली वाळू खाचांच्या कडा हळूहळू खाते आहे आणि ग्रीनवर चेंडू पूर्वीइतका लवकर थबकत नाही, हे मला गेल्या काही फेऱ्यांत जाणवले आहे, तेव्हा येत्या वर्षी तो बदलावा लागेल. या वेळी लॉफ्ट आणि बाउन्स तेच राहतील. फक्त एक गोष्ट मी पारखून पाहणार आहे: याच १२ अंशांत, पण मागच्या कडेवरचा धातू थोडा अधिक घासलेला तळ. गेल्या वर्षभरात मी हात थोडे कमी पुढे नेऊन खेळायला शिकले आहे, जुन्या वेजच्या तळावरचा झिजलेला पट्टा पुढच्या कडेकडून मधोमध सरकला आहे, आणि त्यामुळे आता फेस उघडून खेळण्याचे धाडस मी पूर्वीपेक्षा अधिक वेळा करू लागले आहे.